पुढल्या वर्षी पाहून घेऊ

१ जानेवारी १८९८ रोजी न्यूयॉर्क महानगराच्या नव्या हद्दीत जे जे मुलूख सामील करून घेण्यात आले, त्यांतील ब्रुकलिन हे एखादे कसबे नव्हते. स्वतःचा महापौर, स्वतःचे दप्तर, स्वतःची वृत्तपत्रे, स्वतःचे धक्के व गोद्या असलेले आणि १८९० च्या खानेसुमारीत आठ लाखांवर वस्ती भरून साऱ्या अमेरिकेत चौथे ठरलेले ते एक जातिवंत शहर होते. आणि या विलीनीकरणाविषयी १८९४ साली जेव्हा कौल घेण्यात आला, तेव्हा एक लाख एकोणतीस हजारांवर मतांतून अवघ्या २७७ मतांच्या आधिक्याने त्याने आपली मुखत्यारी सोडून देण्यास संमती दिली होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या गावाला ही गोष्ट नको होती. जुन्या वर्षाच्या अखेरच्या रात्री ईस्ट नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये आतषबाजी चालू असता ब्रुकलिनच्या नगरभवनात जो समारंभ झाला, त्याला शोकसभेचीच कळा होती, आणि पुढे कित्येक वर्षे तेथील जुनी मंडळी त्या विलीनीकरणाचा उल्लेख ‘थोरली चूक’ या शब्दांनीच करीत असत.

शहराची सनद गेली, कचेऱ्या गेल्या, महापौराचे पद गेले. गाव मात्र होते तिथेच राहिले, आणि त्या गावातल्या माणसाला आपण कोणाचे, हे सांगण्यासाठी ज्या थोड्या गोष्टी उरल्या, त्यांत एक बेसबॉलचा संघ होता. विजेच्या ट्रामगाड्या रस्त्यांवरून भरधाव सुटू लागल्या, तेव्हा त्यांना हुलकावणी देत रस्ता ओलांडणाऱ्या ब्रुकलिनकरांना मिळालेले नाव पुढे त्या संघाला चिकटले व तो डॉजर्स झाला. महानगराच्या पाच विभागांपैकी ज्याच्या छातीवर विभागाचे स्वतःचे नाव झळकत असे, असा हा एकच संघ होता. बाकीचे दोन्ही संघ न्यूयॉर्कच्या नावाने खेळत. या एका गोष्टीचा विसर पडला, तर पुढे अर्धशतकभर ब्रुकलिनच्या मनात यँकीज या संघाविषयी जे वैषम्य धुमसत राहिले, त्याचा उगम मुळीच लक्षात यावयाचा नाही.

न्यूयॉर्कमधील तिसरा संघ जायंट्स. त्याच्याशी ब्रुकलिनचे वैर जुने होते व तेही कडवे होते. पण ती भाऊबंदकी होती. दोघेही एकाच लीगमध्ये, हंगामात बावीस वेळा एकमेकांसमोर उभे ठाकणारे, आज हा वरचढ तर उद्या तो. १९३४ सालच्या हंगामापूर्वी जायंट्सचा व्यवस्थापक बिल टेरी याने ‘ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे काय?’ असा कुचेष्टेचा प्रश्न केला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दोन सामन्यांत सहाव्या स्थानावरील ब्रुकलिनने जायंट्सना चारी मुंड्या चीत करून त्यांच्या तोंडचे अजिंक्यपद सेंट लुईसच्या घशात घातले. अशा वैरात देणे-घेणे चालते, हिशेब फिटतो, पुन्हा नवा हिशेब सुरू होतो. यँकीजशी हिशेब असा कधी फिटतच नसे.

यँकीज दुसऱ्या लीगमध्ये होते. दोन लीगांचे दोन विजेते ऑक्टोबर महिन्यात सात सामन्यांच्या वर्ल्ड सीरिजमध्ये एकमेकांशी भिडत, आणि त्यांतले चार सामने जो प्रथम जिंकील तो जगज्जेता ठरे. १९१३ सालच्या एप्रिलमध्ये चार्ल्स एबेट्स या, तिकिटविक्रीपासून चढत चढत मालकीपर्यंत पोहोचलेल्या गृहस्थाने फ्लॅटबुशच्या बाजूची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकत घेऊन बांधलेले एबेट्स फील्ड हे मैदान खुले केले, तेव्हा पहिल्या सराव-सामन्याला पाहुणा म्हणून हाच यँकीज संघ आला होता व हरून परत गेला होता. कारण त्या काळी तो आपल्या लीगच्या तळाशी पडलेला एक दुबळा संघ होता. पुढे जेकब रुपर्ट हा बिअरच्या कारखान्याचा धनी त्याचा मालक झाला. त्याने बोस्टनकडून बेब रूथ हा अलौकिक फलंदाज एक लाख डॉलर मोजून खरेदी केला. १९२३ मध्ये ब्राँक्स भागात तीन मजली प्रचंड क्रीडागार उभे राहिले. आणि त्या सालापासून १९३९ पर्यंत यँकीजनी आठ वेळा जगज्जेतेपद मिळविले. त्याच अवधीत ब्रुकलिनला आपल्या लीगचे विजेतेपदही एकदा लाभले नाही. त्याआधी १९१६ व १९२० साली त्यांनी ते मिळविले होते, आणि दोन्ही वेळा पुढची वर्ल्ड सीरिज गमावली होती.

यँकीजची बाजू घेणे म्हणजे पोलादाच्या अवाढव्य कंपनीची बाजू घेण्यासारखे आहे, अशी एक उक्ती त्या काळी अमेरिकेत सर्वतोमुखी झाली होती व तिचे कर्तृत्व अनेकांना दिले जाई. तीत तथ्य होते. बारीक रेघांचा स्वच्छ गणवेश, तोलून-मापून केलेल्या हालचाली, विजयानंतरही चेहऱ्यावर फारसा न दिसणारा आनंद, आणि जिंकणे हा जणू वंशपरंपरागत वतनाचाच भाग असल्याचा तो एकूण थाट. ब्रुकलिनच्या गोदीत, गिरणीत, बेकरीत राबणाऱ्या आयरिश, इटालियन, ज्यू आणि कृष्णवर्णीय माणसाला तो थाट आपल्या मालकाच्या, आपल्या घरधन्याच्या, पुलापलीकडच्या बँकवाल्याच्या थाटासारखा दिसे. आणि त्याची चीड नुसती पराभवाची नव्हती. आपण ज्याच्यावर एवढे दात खातो, त्याला आपली दखलही नाही, हे शल्य त्याला अधिक बोचत असे. यँकीजच्या चाहत्याला मत्सर करावयाचा झाला तर त्याच्या स्वतःच्या लीगमध्ये बोस्टन होते, डेट्रॉइट होते, क्लीव्हलंड होते. ब्रुकलिन त्याच्या लेखी ऑक्टोबरातल्या एका आठवड्यापुरते होते.

एबेट्स फील्ड हे यँकीजच्या क्रीडागाराच्या निम्मेही नव्हते. पण त्याच्या प्रवेशद्वाराशी एक संगमरवरी गोलाकार दालन होते, त्याच्या फरशीवर बेसबॉलच्या चेंडूची शिवण काढलेली होती, आणि वर टांगलेल्या झुंबराच्या दांड्या बॅटीच्या व दिव्यांची भांडी चेंडूच्या आकाराची होती. आत उजव्या बाजूच्या भिंतीवर गुणफलकाच्या तळाशी एब स्टार्क या पिटकिन ॲव्हेन्यूवरील कापडवाल्याची पाटी होती: जो फलंदाज त्या पाटीवर चेंडू मारील, त्याला एक सूट इनाम. त्या भिंतीपलीकडे बेडफर्ड ॲव्हेन्यूवर पोरे हातमोजे घालून चेंडूची वाट पाहत उभी असत, आणि ज्यांच्याजवळ तिकिटाला दाम नसे, ती लोखंडी दरवाजाच्या खालच्या फटीला डोळा लावून पालथी पडलेली असत. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गाईच्या गळ्यातली भली थोरली घंटा घेऊन बसे, आणि तिचा नाद नि तिचा आवाज हे दोन्ही खेळाडूंना नावानिशी ओळखू येत. प्रेक्षक व खेळाडू यांच्यात इतके थोडे अंतर होते की शिवी दिली तर ती पोहोचे, आणि शाबासकी दिली तर तीही पोहोचे.

१९३८ साली लॅरी मॅक्फेल हा तापट, उधळ्या, परंतु कल्पक कारभारी डॉजर्सचा सूत्रधार झाला. त्याने मैदानावर दिवे लावले, रेड बार्बर या समालोचकाला आणून १९३९ पासून सामने रेडिओवर ऐकविण्यास सुरुवात केली. आणि उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या एखाद्या गल्लीतून चालत गेले असता, उघड्या खिडक्यांतून व दुकानांतून बार्बरचा आवाज असा अखंड कानी येई की या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही चेंडू चुकत नसे, ही आठवण त्या काळातल्या असंख्य लोकांनी सांगितली आहे. १९४१ साली ब्रुकलिनने एकवीस वर्षांनी लीग जिंकली, आणि समोर आले यँकीज.

त्या मालिकेतील चौथा सामना ५ ऑक्टोबरला, रविवारी, एबेट्स फील्डवर झाला. यँकीज मालिकेत दोन विरुद्ध एक असे पुढे होते. नवव्या व शेवटच्या डावात ब्रुकलिनपाशी चार धावा होत्या, यँकीजपाशी तीन. दोन फलंदाज बाद झाले होते, बेसवर कोणीही नव्हते, आणि टॉमी हेन्रिच या फलंदाजावर दोन स्ट्राइक चढले होते; तिसरा चढला की तोही बाद. पिचर ह्यू केसी याने चेंडू टाकला, तो झपकन वळला, हेन्रिचची बॅट हवेत फिरली आणि पंचाने तिसऱ्या स्ट्राइकचा हात वर केला. ब्रुकलिनने सामना जिंकला होता. मैदानावर लोंढा येऊ नये म्हणून पोलीसही पायऱ्या चढून वर आले होते. परंतु बेसबॉलचा एक जुना कायदा असा आहे की तिसरा स्ट्राइक कॅचरने हाती राखला नाही, तर फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावण्याची मुभा राहते; आणि मिकी ओवेन या कॅचरच्या हातमोज्याला लागून तो चेंडू मागे घरंगळत गेला होता. हेन्रिचने मागे वळून पाहिले आणि तो पळत सुटला.

त्यानंतरची दहा मिनिटे ब्रुकलिनच्या इतिहासात कोरली गेली आहेत. यँकीजच्या डिमॅजिओने चेंडू टोलविला; केलरने उजवीकडच्या भिंतीवर आदळविला आणि दोन धावा झाल्या; डिकीला फुकट बेस मिळाला; गॉर्डनने पुन्हा टोला दिला आणि आणखी दोन धावा झाल्या. चार विरुद्ध तीन असा जिंकलेला सामना सात विरुद्ध चार असा हरला. तेहतीस हजारांवर माणसे आपापल्या जागी बसून हे पाहत होती, आणि दुसऱ्याच दिवशी याच मैदानावर यँकीजनी मालिका संपविली. ब्रुकलिन ईगल या गावच्या पत्राने मथळा दिला, तो ‘पुढल्या वर्षी पाहून घेऊ’ अशा अर्थाचा होता, आणि ते पुढे ब्रुकलिनचे ब्रीदवाक्यच होऊन बसले.

ओवेनचे पुढे काय झाले, ही गोष्ट मला त्या पराभवाहूनही महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातून गावाचा घास निसटला, त्या माणसाला धमक्यांची नव्हे तर सांत्वनाची पत्रे ढिगाने आली. ब्रुकलिनकर आपल्या खेळाडूंना ‘बम’, म्हणजे भणंग, अशी शिवी स्वतः देत, आणि व्यंगचित्रकार विलर्ड मलिन याने त्या शिवीला दाढीचे खुंट वाढलेला, फाटक्या जोड्याचा एक प्रेमळ चेहराही दिला होता; परंतु त्या भणंगाचा अपराध ते पोटात घालीत. त्यांचा राग नदीपलीकडे जाऊन थांबे. नियमाप्रमाणे खेळून, संधी मिळताच तिचा फायदा घेऊन यँकीज जिंकले होते, यात त्यांचा कवडीइतकाही दोष नव्हता. तरी ब्रुकलिनच्या मनाने नोंद केली ती अशी की नशीबसुद्धा त्यांच्याच पगारावर आहे.

या मत्सराला जखमेवर मीठ चोळणारी आणखी एक बाजू होती, ती आपल्याच माणसांची. युद्धाच्या काळात ब्रुकलिन सोडून लष्करात गेलेला मॅक्फेल १९४५ मध्ये परतला, तो यँकीजचा एक भागीदार मालक होऊन. फिल रिझुटो हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला पोरगा ठेंगणा म्हणून डॉजर्सच्या चाचणीतून परत पाठविला गेला, असे तो स्वतः सांगे, आणि पुढे तोच यँकीजचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, झाला. ज्याने १९१३ साली एबेट्स फील्डवरील त्या पहिल्या सराव-सामन्यात यँकीजविरुद्ध होमरन, म्हणजे चारही बेस फिरून येण्याजोगा फटका, काढला, जो पुढे तीन वर्षे डॉजर्सचा व्यवस्थापक होता व ज्याला १९३६ मध्ये कराराचे एक वर्ष शिल्लक असताना निरोप मिळाला, तो केसी स्टेंगल १९४९ साली यँकीजचा व्यवस्थापक झाला आणि त्याने लागोपाठ पाच वेळा जगज्जेतेपद जिंकले. त्यांत तीन वेळा समोर ब्रुकलिन होते. अखेर रेड बार्बरसुद्धा १९५४ पासून यँकीजचे समालोचन करू लागला. ज्याचा आवाज खिडक्याखिडक्यांतून ऐकून पोरे मोठी झाली, तो आवाज आता फितूर झाला होता, असेच घराघरांत वाटले असले पाहिजे.

१९४७ सालापासून या वैराला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. त्या वर्षी १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सचा गणवेश घालून एबेट्स फील्डवर उतरला, आणि साठेक वर्षे वहिवाटीने चालत आलेली वर्णबंदी मोडली. रॉबिन्सनमागोमाग रॉय कॅम्पनेला आला, डॉन न्यूकम आला. यँकीजच्या संघात मात्र १९५५ पर्यंत, म्हणजे आणखी आठ वर्षे, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. आणि १९५२ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात तरुणांनी प्रश्न केला असता रॉबिन्सनने यँकीजच्या चालकांच्या मनात वर्णद्वेष आहे, असे आपले मत स्वच्छ सांगितले. त्यावर मोठे काहूर उठले. ब्रुकलिनची असूया तोपर्यंत अपमानित गावाची असूया होती. इथून पुढे तिच्या एका बाजूला न्याय येऊन उभा राहिला. ब्रुकलिनमध्ये वर्णद्वेष नव्हता, असे कोणी म्हणणार नाही; परंतु जिंकण्यासाठी सगळे जग विकत घेऊ शकणाऱ्या संघाने जे केले नाही, ते या फाटक्या जोड्याच्या संघाने केले होते, आणि ही गोष्ट तिथल्या गोऱ्या माणसालाही अभिमानाने सांगता येत होती.

त्याच १९४७ च्या मालिकेत यँकीजचा पिचर बिल बेव्हन्स याने चौथ्या सामन्यात दहा फलंदाजांना फुकट बेस दिले, पण शेवटच्या डावात दोन गडी बाद होईपर्यंत एकालाही चेंडू धडपणे टोलवू दिला नाही; आणि आता इतिहास घडणार, अशा क्षणी कुकी लाव्हाजेट्टो याने उजवीकडच्या भिंतीवर चेंडू मारून दोन धावा काढल्या व सामना ब्रुकलिनच्या पदरात टाकला. दोन दिवसांनी अल जिऑनफ्रिडो या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या क्षेत्ररक्षकाने डिमॅजिओचा खात्रीचा होमरन कुंपणापाशी झेलला. असे चमत्कार होऊनही सातवा सामना यँकीजनी जिंकला. आणि बेव्हन्स, लाव्हाजेट्टो, जिऑनफ्रिडो या तिघांपैकी एकही जण पुन्हा वरिष्ठ लीगमध्ये खेळला नाही. १९४९ मध्ये मालिका पाच सामन्यांतच आटोपली. १९५० मध्ये हंगामाच्या अखेरच्या दिवशी फिलाडेल्फियाने, आणि १९५१ मध्ये बॉबी थॉमसनच्या होमरनने जायंट्सनी ब्रुकलिनचा घात केला. तो निराळा अध्याय आहे व त्याची स्वतंत्र बखर लिहावी लागेल.

१९५२ साली पुन्हा यँकीज, पुन्हा सात सामने, पुन्हा पराभव. या मालिकेत गिल हॉजेस या ब्रुकलिनच्या लाडक्या, धिप्पाड, अबोल खेळाडूला एकवीस वेळा प्रयत्न करून एकदाही चेंडू नीट टोलविता आला नाही, आणि हे ग्रहण पुढच्या हंगामातही सुटेना. तेव्हा मे महिन्यातल्या एका उष्ण रविवारी फादर हर्बर्ट रेडमंड या धर्मगुरूने आज प्रवचनाला फार उकडते आहे, घरी जा, ईश्वराच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, असे सांगून चर्चमधली सभा विसर्जित केली. घरोघरचे लोक हॉजेसला ताईत, जपमाळा पाठवीत होते. हॉजेसची बॅट पुन्हा बोलू लागली; परंतु १९५३ च्या ऑक्टोबरात यँकीजनी ब्रुकलिनला पाचव्यांदा हरविले, आणि शेवटचा घाव घातला तो त्या मालिकेत बारा वेळा यशस्वी फटके मारणाऱ्या बिली मार्टिनने.

यँकीजविषयीची चीड एव्हाना ब्रुकलिनपुरती उरली नव्हती. १९५४ मध्ये डग्लस वॉलप याने एक कादंबरी लिहिली, तीत वॉशिंग्टनच्या संघाचा एक प्रौढ चाहता यँकीजना एकदा हरलेले पाहण्यासाठी सैतानाला आत्मा विकतो. आणि तिच्यावरून रचलेले ‘डॅम यँकीज’ हे संगीत नाटक १९५५ च्या मे महिन्यात ब्रॉडवेवर, यँकीजच्याच शहरात, गर्दी खेचू लागले. ब्रुकलिनच्या माणसाला सैतानाची गरज लागली नाही.

१९५५ सालची मालिका यँकीजनी पहिले दोन सामने जिंकून सुरू केली. तिसऱ्या सामन्यात जॉनी पॉड्रेस हा लोखंडाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, त्याच्या तेविसाव्या वाढदिवशी, ब्रुकलिनसाठी जिंकला, चौथा, पाचवा ब्रुकलिनने घेतला, सहावा यँकीजनी. सातवा सामना मंगळवारी, ४ ऑक्टोबरला, यँकीजच्या क्रीडागारात बासष्ट हजारांवर प्रेक्षकांसमोर झाला, आणि पिचर पुन्हा पॉड्रेसच होता. दुखापतीने बेजार झालेला रॉबिन्सन त्या दिवशी मैदानाबाहेर होता. सहाव्या डावाच्या मध्याला ब्रुकलिन दोन विरुद्ध शून्य असे पुढे होते, आणि त्या दोन्ही धावा हॉजेसने मिळवून दिल्या होत्या.

त्याच डावात व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन याने दुसऱ्या बेसवरील खेळाडूच्या जागी बदली फलंदाज पाठविला होता. त्यामुळे डावे क्षेत्र सांभाळणारा गिलियम दुसऱ्या बेसवर आला, आणि डाव्या क्षेत्रात सँडी अमोरोस हा क्यूबाचा, बुटका, चपळ खेळाडू गेला. यँकीजचे दोन खेळाडू बेसवर होते, बाद कोणीही नव्हते, आणि फलंदाजीस योगी बेरा आला. बेरा हा डावखुरा, उजवीकडे चेंडू ओढणारा; म्हणून सगळे क्षेत्ररक्षण उजवीकडे सरकलेले होते आणि अमोरोस त्याच्या जागेपासून बराच आत उभा होता. बेराची बॅट किंचित उशिरा फिरली आणि चेंडू डाव्या कोपऱ्याकडे, सीमारेषेलगत, उंच, घसरत निघाला. अमोरोस धावत सुटला. ऑक्टोबरातल्या दुपारच्या उन्हासावलीच्या त्या कोपऱ्यात तो कुंपणापाशी पोहोचला, आणि उजवा हात लांबवून त्याने चेंडू झेलला. अमोरोस डावखुरा होता, म्हणून त्याचा हातमोजा उजव्या हातात होता. उजव्या हाताच्या गिलियमला त्याच ठिकाणी हात अंगावरून आडवा न्यावा लागला असता, आणि तेवढ्या विलंबाने चेंडू खाली पडला असता, असे जाणते लोक आजही म्हणतात. झेल घेताच अमोरोसने चेंडू कर्णधार पी वी रीसकडे फेकला, रीसने तो पहिल्या बेसवर हॉजेसकडे धाडला, आणि झेल पडणारच या भरवशावर पुढे धावलेला मॅक्डूगल परतण्याच्या आत बाद झाला.

यँकीजना त्यानंतर धाव मिळाली नाही. नवव्या डावात शेवटचा फलंदाज होता एल्स्टन हॉवर्ड, त्याच वर्षी यँकीजनी घेतलेला त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याने टोलविलेला चेंडू जमिनीवरून गेला तो रीसकडे. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या पाचही पराभवांत मैदानावर असलेल्या रीसकडे. त्याने तो हॉजेसकडे फेकला, थोडा खाली फेकला, पण हॉजेसने तो घेतला. पावणेचार वाजत आले होते.

मोटारींचे भोंगे, दुकानांपुढे वाजणारी पातेली, दिव्यांच्या खांबांवर टांगलेले यँकीजचे पुतळे, माँटेग्यू स्ट्रीटवरील बॉसर्ट हॉटेलात विजयाची मेजवानी चालू असता बाहेर रात्रभर हटून राहिलेली गर्दी. या सगळ्यात एक गोष्ट नव्हती. एकेकाळी वॉल्ट व्हिटमनने ज्याचे संपादन केले होते, ते ब्रुकलिन ईगल संपापायी त्याच वर्षीच्या जानेवारीत बंद पडले होते. चौदा वर्षे पुढल्या वर्षाचा वायदा जपणाऱ्या त्या पत्राच्या नशिबी विजयाचा मथळा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो छापला तो मॅनहॅटनच्या डेली न्यूजने: पहिल्या पानावर बोळक्या तोंडाने हसणारा भणंग, आणि आता भणंग कोण, असा त्याचा सवाल.

१९५६ मध्ये यँकीजनी परतफेड केली. डॉन लार्सनने पाचव्या सामन्यात ब्रुकलिनच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकालाही बेस न देता माघारी धाडले, आणि सातवा सामना नऊ विरुद्ध शून्य असा संपला. परंतु त्या वेळी ब्रुकलिनच्या मुळावर आलेला माणूस ब्राँक्समध्ये नव्हता. तो माँटेग्यू स्ट्रीटवरील डॉजर्सच्याच कचेरीत बसला होता. मालक वॉल्टर ओमॅली याची तक्रार खोटी नव्हती. मैदान जुने झाले होते, त्याच्यापाशी सातशेच मोटारी उभ्या राहू शकत, चाहते लाँग आयलंडच्या उपनगरांत राहावयास जात होते, आणि तिकडे मिलवॉकीचा संघ वर्षाला वीस लाख प्रेक्षक गोळा करीत होता. त्याला फ्लॅटबुश व अटलांटिक या रस्त्यांच्या नाक्यावर नवे छत्रबंद क्रीडागार हवे होते. त्यासाठी जागा संपादन करून देण्यास शहराच्या बांधकामांचा सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस याने नकार दिला व क्वीन्समधल्या फ्लशिंग मेडोज येथील जागा पुढे केली. ओमॅलीने ती नाकारली. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना पाहण्यास ६,७०२ माणसे आली. पंधरवड्याने, ८ ऑक्टोबरला, संघ लॉस एंजलिसला जाणार असल्याचे जाहीर झाले. जायंट्सचे सॅनफ्रान्सिस्कोला जाणे ऑगस्टमध्येच ठरले होते. ओमॅलीने पुढे कॅलिफोर्नियात जे उभे केले ते वैभवशाली आहे, हे मान्य करूनही मला असे वाटते की दहा लाखांवर प्रेक्षक वर्षाला येत असताना गावाचे नाव छातीवरून उतरवून नेण्याचा जो अधिकार त्याने बजावला, तो मालकीहक्काच्या कागदावर असला तरी न्यायाच्या कागदावर नव्हता. ब्रुकलिनला साठ वर्षांत दुसऱ्यांदा बेदखल करण्यात आले, आणि या खेपेला कौलही घेण्यात आला नाही.

आता न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलचा एकच संघ उरला. ज्यांना खेळ पाहावयाचा आहे ते निमूटपणे ब्राँक्सला येतील, असा व्यापारी हिशेब कोणीही केला असता. १९५७ साली यँकीजच्या मैदानावर सुमारे १४ लाख ९७ हजार प्रेक्षक आले होते. १९५८ मध्ये, दोन्ही प्रतिस्पर्धी शहर सोडून गेल्यावर, यँकीज पुन्हा जगज्जेते झाले त्या वर्षी, तो आकडा १४ लाख २८ हजारांवर उतरला.

१९६२ मध्ये डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन रंग घेऊन मेट्स हा नवा संघ उभा राहिला. त्याचा व्यवस्थापक होता यँकीजनी सत्तराव्या वर्षी रजा दिलेला केसी स्टेंगल, आणि त्याचा पहिला होमरन मारला तो ब्रुकलिनमध्येच घर करून राहिलेल्या गिल हॉजेसने. पहिल्या वर्षी मेट्स १२० सामने हरले. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्यांचे नवे मैदान ज्या फ्लशिंग मेडोजमध्ये खुले झाले, ती जागा ओमॅलीने नाकारली होती. आणि उद्घाटनाच्या वेळी त्यावर ब्रुकलिनच्या गोवानस कालव्याचे पाणी शिंपडण्यात आले. त्या हंगामात यँकीज आपल्या लीगमध्ये पहिले आले, मेट्स आपल्या लीगमध्ये शेवटचे आले. यँकीजचे सामने पाहण्यास १३ लाख ५ हजार लोक गेले, मेट्सचे पाहण्यास १७ लाख ३२ हजार.